स्क्रोल सॉवर कड जळते, पातं तुटतं, जाळी मोडते? आधी लाकूड तपासा

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवून लाकडात वळणं आणि जाळीची नक्षी कापणारं मशीन. त्यावरचं काम बिघडलं की पहिला संशय मशीनवर जातो आणि दुसरा पात्यावर. पाती बदलून होतात, पात्याचं टेन्शन (ताण) घट्ट-सैल करून होतं, वेग कमी-जास्त करून होतो, आणि तरी कड त्याच वळणावर काळी पडते. अशा वारंवार येणाऱ्या बिघाडात बहुतेक वेळा दोष टेबलावरच्या लाकडात सापडतो. ते ओलं असतं, पिळलेलं असतं, चुकीच्या दिशेने मांडलेलं असतं, किंवा त्या नमुन्यासाठी मुळातच नको असतं.

खाली आधी लक्षणं दिली आहेत आणि मग तपासण्या. फुकटातल्या, दोन-पाच मिनिटांच्या तपासण्या आधी; वेळखाऊ आणि खर्चाच्या नंतर. हा क्रम मोडू नका. ओलाव्याचं मीटर विकत आणल्यावर पात्याचे दात उलटे बसले होते हे कळणं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो.

लक्षणं

- कड तपकिरी किंवा काळी पडते, जळका वास येतो. लहान वळणावर आणि कोपऱ्यात लाकूड पात्याभोवती जागच्या जागी फिरवताना सगळ्यात जास्त. संशय जड, घट्ट लाकडावर, राळेवर किंवा बोथट पात्यावर.
- वरून रेघ स्वच्छ, पण तुकडा उलटून पाहिला की कुसळांची दाढी. संशय प्लायच्या खालच्या थरावर, मोठ्या छिद्रांच्या लाकडावर किंवा जाड दातांच्या पात्यावर.
- पातं रेघ सोडून पळतं. इथे एक बारकावा आहे. कुठल्याही लाकडात नेहमी एकाच बाजूला पळत असेल तर तो पात्याचा गुण आहे. एकाच फळीत कधी डावीकडे, कधी उजवीकडे पळत असेल तर लाकूड बघा.
- पातं कापात अडकतं, तुकडा टेबलावरून उचलला जातो आणि पातं दोन-पाच मिनिटांत तुटतं.
- कापलेली कड कापसासारखी मऊ, रेशे उभे राहिलेले.
- जाळीतली बारीक पट्टी कापताना, नाहीतर घासताना मोडते.
- आज सपाट असलेला तुकडा दोन दिवसांत वाटीसारखा वाकतो, किंवा सहज निघणारे पझलचे तुकडे अडकून बसतात.
- प्लाय कापताना मध्येच आवाज बदलतो, ‘खट्ट’ होतं, किंवा थर उचकटतो.

एकाच वेळी दोन-तीन लक्षणं दिसली तर बिचकू नका. ओलं लाकूड एकटंच यातली चार लक्षणं दाखवू शकतं.

तपासणी १ : ओळखीच्या लाकडावर तोच नमुना कापा

खात्रीच्या लाकडाचा एक तुकडा कायम हाताशी ठेवा. सपाट, वाळलेलं, बिनगाठीचं आणि बारीक रेषांचं लाकूड हवं. ६ मिमीचा चांगला बर्च प्लाय चालतो, आणि शिवण, बासवुड किंवा पॉप्लरचा तुकडाही चालतो. मशीनचा प्लग काढा, नवं ५ नंबरचं पातं लावा (नंबर जितका मोठा तितकं पातं जाड) आणि त्या तुकड्यावर चार गोष्टी कापा: ५० मिमीची सरळ रेघ, एक ‘एस’ वळण, १० मिमी व्यासाचं वर्तुळ आणि एक काटकोन.

हे चारही काप स्वच्छ आले तर मशीन आणि पातं दोघंही सुटले. सरळ तपासणी ३ वर जा. इथेही तीच तक्रार दिसली तर लाकूड बदलून उपयोग नाही, पुढची तपासणी आधी करा. ही पाच मिनिटं वाचवायला गेलं की पुढचा सगळा शोध अंदाजावर चालतो.

तपासणी २ : पातं आणि टेबल

दातांची टोकं खाली, टेबलाकडे असली पाहिजेत. रिव्हर्स टूथ पात्यात खालचे मोजके दात वर तोंड करून असतात. ते टेबलाच्या पातळीच्या किंचित वर येतील असं पातं बसवा. फार खाली राहिले तर ते लाकडाला लागतच नाहीत आणि खालची दाढी तशीच राहते.

टेन्शनसाठी पातं बोटाने बाजूला ढकलून बघा. साधारण ३ मिमीपेक्षा जास्त हललं तर ते सैल आहे. नखाने छेडल्यावर स्पष्ट, उंच सूर यायला हवा. ‘थड्’ असा मेलेला आवाज नको.

टेबल पात्याशी काटकोनात (गुण्यात) आहे का, हे बघायला गुण्याशिवायही जमतं. ४० मिमी जाडीचा टाकाऊ तुकडा घ्या, त्यात पुढून २ मिमी खोल काप द्या आणि मशीन बंद करा. आता तुकडा पात्याच्या मागच्या बाजूला नेऊन तोच काप पात्याच्या पाठीवर बसवून बघा. सरळ बसला तर टेबल काटकोनात आहे. तिरका दिसला तर जाड लाकडात कड कलती येणारच, मग लाकूड कुठलंही असो.

नेहमी एकाच बाजूला ओढणाऱ्या पात्याबद्दल: पाती तयार करताना दातांच्या एका बाजूला बारीक खरबरीत कड राहते, ती बाजू जास्त कापते. लाकूड काही अंश तिरकं धरून ढकललं की रेघ सरळ येते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, फक्त हाताला सवय लागते.

आणि बोथट पात्याबद्दल कंजुषी नको. जड लाकडात पातं पंधरा-वीस मिनिटांत धार सोडतं. लाकूड पूर्वीपेक्षा जोराने ढकलावं लागतंय असं जाणवलं की पातं बदलायची वेळ होऊन गेलेली असते.

तपासणी ३ : जाडीला दात पुरतात का?

कापताना लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात असावेत. ५ नंबरच्या बऱ्याच पात्यांना इंचाला साधारण १२-१३ दात असतात, म्हणजे सुमारे २ मिमीला एक. ६ मिमीच्या फळीत असे तीन दात बसतात. ३ मिमीच्या प्लायमध्ये एखाद-दुसराच लागतो. तो प्रत्येक फटक्याला थराची कड पकडून खाली ओढतो आणि तुकडा थरथरतो. दोष प्लायला दिला जातो, पण त्याची जाडी आणि पात्याचे दात यांची जोडी जमलेली नसते.

सुरुवातीला एवढं धरून चाला: ३ मिमीपर्यंत २/० किंवा १ नंबर, ६ मिमीला ३ नंबर, १२ ते १८ मिमीला ५, त्यावर ७, आणि २५ मिमीच्या पुढे ९ ते १२. लाकूड शिसवासारखं जड असेल तर एक नंबर वर सरका. बारीक पातं जड लाकडात वाकतं, तापतं आणि तुटतं.

बारीक पातं नसेल तर उलटा उपाय आहे: लाकूड जाड करा. ३ मिमीच्या दोन किंवा चार चकत्या कडेला टेपने बांधून एकत्र कापा, किंवा खाली ३ मिमीचा टाकाऊ प्लाय लावा. खालच्या टाकाऊ थराचा दुहेरी फायदा होतो. दातांना आधार मिळतो आणि ढलप्या निघाल्याच तर त्या टाकाऊ प्लायच्या निघतात.

टेबलाचं भोक फार मोठं असेल तर त्यावर जाड पुठ्ठा किंवा पत्त्यातलं एक पान टेपने चिकटवा आणि पात्यापुरतंच भोक पाडा. लहान तुकड्यांच्या खालच्या कडा लगेच सुधारतात.

तपासणी ४ : जळकी कड असेल तर टेप आणि वेग

नमुन्याच्या कागदावर, किंवा कागदाखाली लाकडावर, पॅकिंगची पारदर्शक टेप चिकटवा. टेप रोलमध्ये स्वतःलाच घट्ट धरून बसू नये म्हणून तिच्या पाठीवर निसरडा लेप असतो. तो पात्याला वंगणासारखा उपयोगी पडतो असं मानलं जातं. कारण काही असो, चेरी, मेपल, पर्पलहार्ट अशा चटकन जळणाऱ्या लाकडांत फरक डोळ्यांना दिसतो.

त्याबरोबर मशीनचा वेग खाली आणा. जड लाकडाला मिनिटाला ८००-९०० फटके पुरतात. पूर्ण वेगाने पातं चालतंय आणि हात मात्र वळणावर थबकलाय, म्हणजे तेच दात त्याच जागी नुसते घासताहेत. भुसा कापातून बाहेर पडत नाही, तिथेच तापतो आणि कडेला डाग देतो. टेप लावून, नवं पातं घालून, वेग कमी करूनही डाग पडत असतील तर लाकडाची घनता किंवा त्यातली राळ या पात्याच्या आवाक्याबाहेरची आहे. फळी पातळ घ्या, नाहीतर जात बदला.

तपासणी ५ : डोळा, नख आणि रेषेची दिशा

फळी उजेडात तिरकी धरा. गाठ, गाठीभोवतीची वळलेली रेषा, राळेचा चिकट पट्टा, केसासारखी चीर, किड्याची टाचणीएवढी भोकं: यातलं काहीही नमुन्याच्या बारीक भागात येत असेल तर नमुना सरकवा. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा खूप कडक असते. मऊ भागातून सुखाने येणारं पातं तिथे पोचलं की सोप्या बाजूला वळतं. पाइनमध्ये हाच खेळ वाढीच्या दर वर्तुळाला चालतो. फिकट पट्टा मऊ, गडद पट्टा कडक. पातं गडद पट्ट्यावर आपटून त्याच्या कडेने घसरत जातं. रेघ सोडून डावी-उजवीकडे पळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. नखाने दोन्ही पट्टे दाबून बघा. फिकट पट्ट्यात नख रुततं आणि गडद पट्ट्यात रुतत नाही, असा ठळक फरक असेल तर त्या फळीवर बारीक वळणांचं काम घेऊ नका.

आता रेषेची दिशा. जाळी मोडण्याच्या तक्रारी बहुतांशी इथेच सुटतात, म्हणून जरा थांबून बघू.

रेषा म्हणजे खोडात बुंध्यापासून शेंड्याकडे जाणारे तंतू. लाकूड या दिशेने ओढलं तर चिवट असतं. तंतूंच्या आडवं ओढलं तर त्याची ताकद साधारण विसाव्या हिश्श्यावर येते, काही जातींत त्याहूनही खाली. स्वतः करून बघायचं असेल तर एकाच फळीतून ६० मिमी लांब आणि ४ मिमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा, एक रेषेच्या दिशेने आणि एक आडवी. दोन्ही चिमटीत धरून वाकवा. पहिली धनुष्यासारखी वाकते, मग करकरते आणि लांब कुसळं काढत तुटते. दुसरी काडकन बिस्किटासारखी मोडते. आवाज होईपर्यंत वाकल्याचंही जाणवत नाही. तुमच्या जाळीतली जी पट्टी मोडते, ती या दुसरीची बहीण असते.

म्हणून नमुना चिकटवण्यापूर्वी त्यातल्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात बारीक पट्ट्या शोधा आणि त्या फळीच्या रेषेशी समांतर येतील असा कागद फिरवा. प्राण्याच्या आकृतीत पाय, शेपूट आणि शिंगं बघा. धड कुठल्याही दिशेने चालतं. सगळ्याच दिशांना बारीक पट्ट्या असलेला नमुना, म्हणजे गोल जाळी, अक्षरांची नक्षी, पानांची वेल, अखंड लाकडात घेऊच नका. तिथे प्लाय. त्यातले थर एकाआड एक आडवे असल्यामुळे कुठल्याही पट्टीत काही तंतू लांबीच्या दिशेने येतातच. अखंड लाकूडच हवं असा हट्ट असेल तर आडव्या पट्ट्या निदान ५ मिमी रुंद ठेवा आणि आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी कापा. बाहेरचं लाकूड शिल्लक असेपर्यंत जाळीला आधार राहतो.

तपासणी ६ : फळी सपाट आहे का?

फळी मशीनच्या टेबलावर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबा. डुगडुगली तर कापताना प्रत्येक वळणावर तिचा कोन बदलणार, पात्यावर बाजूने ताण येणार आणि पातं तुटणार. वाटीसारखी वाकलेली फळी घ्यावीच लागली तर फुगीर बाजू वर ठेवा; दोन कडांवर ती निदान स्थिर बसते. मधून पोकळ राहिलेल्या जागी मात्र हाताने जोर देऊ नका. पीळ पडलेल्या फळीला असा उपाय नाही. तिचे लहान तुकडे करा. १०० मिमीच्या तुकड्यात पीळ बहुतेक वेळा नगण्य उरतो.

तपासणी ७ : ओलावा, वजनकाट्यावर

मऊ रेशेदार कड, कापात चिकटलेला ओलसर भुसा आणि दोन दिवसांनी वाकलेला तुकडा ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर लाकूड ओलं आहे, असं समजून सुरुवात करा. घरात वापरायच्या वस्तूचं लाकूड हवामानानुसार ६ ते १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. ताज्या कापलेल्या लाकडात तो ३० टक्क्यांच्या कितीतरी वर असतो. हवेवर वाळवायला दर २५ मिमी जाडीला साधारण एक वर्ष लागतं, हा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. ‘चार महिने उन्हात होतं’ यावर विसंबू नका. उन्हात वरचा थर वाळतो, चिरतो, आणि आतला ओलाच राहतो.

मीटर नसेल तरी चालेल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा वजनकाटा घ्या. जिथे काम करता त्या खोलीत फळी उभी ठेवा, दोन्ही बाजूंना हवा लागू द्या. रोज त्याच वेळी वजन लिहा. सलग चार-पाच दिवस वजन हललं नाही तर लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं. रोज दोन-तीन ग्रॅम उतरत असेल तर थांबा.

आकडाच हवा असेल तर फळीच्या टोकापासून हातभर आतून एक लहान तुकडा कापा. टोक लवकर वाळतं, ते खोटी माहिती देतं. तुकडा लगेच तोला, मग १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान धरून ठेवणाऱ्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. फरकाला कोरड्या वजनाने भागा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅम झाला तर ओलावा ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के. पझलसाठी हे जास्त आहे. ओव्हनजवळून हलू नका, लाकूड आत विसरलं तर पेट घेऊ शकतं.

हे इतकं महत्त्वाचं का? लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाही. ओलावा १८ वरून १० टक्क्यांवर आला तर १०० मिमी रुंदीची सपाट चिरलेली (रुंद बाजू वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जाणारी) फळी सुमारे २ मिमी आकसू शकते. पात्याचा काप जेमतेम अर्धा मिमी. लाकडी चौकटीत बसवलेलं पझल पावसाळी हवेत का अडकतं, नाहीतर कोरड्या हवेत का खुळखुळतं, ते या दोन आकड्यांत आहे. चौकट आणि तुकडे एकाच फळीतून, एकाच दिशेने काढले तर दोन्ही बरोबरीने हलतात.

फार कोरडं लाकूडही त्रास देतं. हीटरजवळ किंवा गाडीत महिनोन्‌महिने पडलेली फळी ठिसूळ होते आणि कडेच्या कपच्या उडतात. तिलाही आठवडाभर खोलीत राहू द्या.

तपासणी ८ : प्लाय असेल तर

थर मोजा. ६ मिमीत पाच थर म्हणजे चांगलं लक्षण. तीनच असतील तर मधला थर जाड आणि बहुधा मऊ, भोकाळ असतो. कडेवर टॉर्च मारून पोकळ्या शोधा, मग नाण्याने सगळीकडे टकटक करा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळीवर बद्द. पोकळीच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि जाळीचा बारीक भाग तिथे आणू नका. कापताना पोकळी उघडी पडलीच तर पांढऱ्या गोंदात त्याच प्लायचा भुसा कालवून भरा, रात्रभर वाळू द्या.

गोंद कसा आहे हे बघायला २० मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी कापून हाताने मोडा. तुटलेल्या जागी तंतू फाटून दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसले तर गोंद लाकडापेक्षा भक्कम आहे. थर कागदासारखे गुळगुळीत सुटले तर तो प्लाय जाळीकामातून बाद.

गोंदाची रेघ गडद तपकिरी असेल तर तो बहुधा पाणी सोसणारा फेनॉलिक गोंद असतो. प्लाय टिकाऊ, पण पात्याची धार जास्त खातो. जास्तीची पाती जवळ ठेवा. सगळ्यात वरचा थर किती जाड आहे तेही बघा. सजावटीच्या प्लायवर तो कागदाएवढा असतो आणि पॉलिश पेपरच्या चार हातांत खालचा थर डोकावतो.

एमडीएफमध्ये (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) रेषा नसते, त्यामुळे पातं भटकत नाही. पण त्यात चिवटपणाही नसतो: ५ मिमीखालच्या पट्ट्या मोडतात, आणि धूळ फार बारीक उडते. मोठ्या, साध्या आकारांना ठीक.

तपासणी ९ : जात कामाला जुळते का?

इथवर सगळं ठीक निघालं आणि तक्रार तरी कायम असेल तर प्रश्न जातीचा आहे.

सरावासाठी आणि खेळण्यांसाठी शिवण, बासवुड, पॉप्लर. हलकी आणि एकसारखी लाकडं, पातं कुठे ओढत नाहीत. बाल्सा मात्र इतका मऊ की कापण्याऐवजी दबतो आणि फाटतो. बारीक तपशिलाला हेदू उत्तम, बारीक आणि एकजीव पोत. मेपलही, जळण्याचं भान ठेवून. बीच कापायला छान पण हवेप्रमाणे फार हलतो, घट्ट जोडाच्या पझलला नको. अक्रोडाच्या लाकडाबद्दल तक्रार करायला जागा नाही.

सागवान स्थिर आहे, हलत नाही, म्हणून सगळे त्याच्याकडेच वळतात. पण त्यात सिलिका असते, ती पात्याला पॉलिश पेपरसारखी खाते. एका पात्यात नेहमीपेक्षा कमी काम होईल हे आधीच गृहीत धरा. त्यातल्या तेलामुळे गोंदही धरत नाही. चिकटवण्याच्या जरा आधी जोडाची कड असिटोनने पुसा, खिडकी उघडी आणि आग दूर ठेवून.

शिसव सुंदर दिसतं, पण जड आहे. पहिल्यांदा ६ मिमीच्या वर जाऊ नका. ओक, अॅश यांची छिद्रं मोठी असतात. २-३ मिमीच्या तपशिलात छिद्र आलं की पट्टी तिथेच मोडते. आंब्याच्या लाकडात रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, कडेला रेशे उठतात. बुरशीने काळ्या रेघा उमटलेला आंबा देखणा, पण त्यात मऊ-कुजके डाग असतात, तिथे नख रुतवून बघा. बाभूळ या मशीनवर घेऊ नये.

तपासणी १० : फळीच्या आतला ताण

लाकूड कोरडं आहे, सपाट आहे, जातही बरोबर, तरी काप पात्यामागे मिटतो आणि पातं दाबून धरतो. हा ताण घाईने वाळवलेल्या जाड फळ्यांत राहून जातो: बाहेरचा थर आधी वाळून कडक होतो, आतला नंतर आकसू पाहतो.

टोकापासून निदान १५० मिमी आतून, रुंदीभर, १५ मिमीची आडवी चकती काढा. ती स्क्रोल सॉवर आडवी ठेवून मधला भाग कापून टाका, म्हणजे दोन दात उरलेला चिमटा तयार होईल. एक दात फळीच्या वरच्या पृष्ठभागाचा, दुसरा खालच्या. दात लगेच आत वळून एकमेकांकडे आले तर फळीत ताण आहे. लगेच काही झालं नाही पण दिवसभरात आत वळले तर आतला भाग अजून ओला आहे. परत तपासणी ७. सरळच राहिले तर फळी निर्दोष.

ताण असलेली फळी पातळ चिरू नका, चकत्या केळीच्या सालीसारख्या वळतात. जाड, लहान वस्तूंना वापरा. तिरकस वाढलेल्या झाडाच्या किंवा फांदीच्या लाकडातही असाच ताण असतो, आणि तो वाळवून जात नाही.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

५० मिमीपेक्षा जाड लाकूड बँड सॉ (सलग फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत) असलेल्या सुताराकडे द्या. बहुतेक स्क्रोल सॉंची कमाल मर्यादाच तेवढी असते, आणि कठीण लाकडात २० मिमीच्या पुढे काम रखडायला लागतं. जाड फळीतून ३-६ मिमीच्या चकत्या काढून रंधून घ्यायचं कामही त्याचंच. प्लेनर मशीनमध्ये ३०० मिमीपेक्षा आखूड किंवा ६ मिमीपेक्षा पातळ तुकडा घालणं धोक्याचं आहे. तुकडा फुटून परत अंगावर येतो. आतला ताण वाफेने काढता येतो, पण ते लाकूड वाळवण्याच्या भट्टीतच होतं.

जुन्या फर्निचरचं लाकूड आधी चुंबकाने तपासा, खिळ्यावर पातं लगेच जातं. त्यावर जुना, थरावर थर असलेला रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. कापू नका, घासू नका; रंगाची चाचणी करून घ्या. हिरवट झाक असलेलं, रसायन मुरवलेलं खांबाचं लाकूड तर सोडूनच द्या, त्यात आर्सेनिक असू शकतं. ताज्या भोकांतून पिठासारखी भुकटी गळत असेल तर किडा जिवंत आहे. फळी इतर लाकडापासून दूर ठेवा आणि कीडनियंत्रणवाल्याला दाखवा.

लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. एन-९५ मास्क प्रत्येक कामाला, पाच मिनिटांचं असलं तरी. शिसवाच्या वर्गातल्या लाकडांची धूळ अनेकांना बाधते. आंबाही बिब्ब्याच्याच कुळातला, त्यामुळे काहींना खाज येते. एखादं लाकूड कापल्यावर पुरळ, डोळ्यांची आग किंवा छातीत घरघर झाली तर ते लाकूड बंद आणि डॉक्टरकडे. नाव आठवत नसेल तर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या.

शेवटी मशीन. ओळखीच्या लाकडावरही ठकठक आवाज येत असेल, वरची भुजा बाजूला हलत असेल, मोटर तापून वास येत असेल किंवा टेबलाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लाकडाचा शोध तिथेच थांबवा. प्लग काढा. ठकठकीसाठी आणि मोटरसाठी मशीन दुरुस्त करणारा, झिणझिण्यांसाठी वायरमन. तो अर्थिंग बघून जाईपर्यंत मशीनला हात लावू नका.